समुपदेशकाच्या खुर्चीत आमची मुले केव्हा बसणार?

बारावीचे निकाल लागले की आमच्या वस्त्यांमधून दरवर्षी तीच धावपळ सुरू होते. टक्के चांगले असतील तर मेडिकल, इंजिनिअरिंग. बेताचे असतील तर डी.एड., नर्सिंग, पोलीस भरती. आणि यातले काहीच जमले नाही तर तालुक्याच्या कॉलेजात बी.ए. या बी.ए.ला कुणी मराठी घेतो, कुणी राज्यशास्त्र, तर कुणी 'मार्क चांगले पडतात' असे ऐकून मानसशास्त्र घेतो. वर्षे सरतात, पदवी हाती येते आणि घरातली माणसे विचारतात, 'आता पुढे काय?' त्या मुलाकडे किंवा मुलीकडे उत्तर नसते. कारण विषय निवडताना हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

मानसशास्त्र हा वेळ काढण्याचा विषय नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. नीट आखणी केली तर हा विषय पोट भरू शकतो आणि आज समाजाला ज्या माणसांची सर्वाधिक निकड आहे अशी माणसे घडवू शकतो. मात्र ही आखणी पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच करावी लागते. शिवाय ती एकट्या विद्यार्थ्याच्या बळावर तडीस जात नाही. समाजाला पाठीशी उभे राहावे लागते.

आधी एक घोळ दूर केला पाहिजे. मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. मानसोपचारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस. करून पुढे मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. औषध लिहून देण्याचा अधिकार त्याचा. मानसशास्त्रज्ञ चाचण्या करतो, निदानाला मदत करतो, बोलण्यातून उपचार करतो. त्यातही मनोरुग्णांवर उपचार करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आर.सी.आय.कडे नोंदणी करावी लागते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने चालते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणावे, याची व्याख्या करून ठेवली आहे. नुसत्या बी.ए.वर काय, साध्या एम.ए.वरही ही पाटी दारावर लावता येत नाही.

बी.ए. ही पहिली पायरी, एम.ए. ही दुसरी. इथून वाटा फुटतात. ज्याला अध्यापनाची ओढ आहे त्याने नेट किंवा सेट द्यावी, जे.आर.एफ. मिळवावी, पीएच.डी.कडे जावे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेला मानसशास्त्र हा वैकल्पिक विषय घेता येतो, तीही वाट आहे. एच.आय.व्ही. तपासणी केंद्रांतील समुपदेशक, किशोरवयीनांच्या आरोग्य कार्यक्रमातील समुपदेशक, पीडित महिलांसाठीच्या सखी केंद्रातील समुपदेशक अशा जागा निघतात. तेथे मानसशास्त्राची किंवा समाजकार्याची पदवी उपयोगी पडते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने बाल न्याय मंडळावरील सामाजिक सदस्यांच्या पात्रतेत बालमानसशास्त्राची पदवी असलेल्या व्यावसायिकालाही जागा दिली आहे. प्रत्येक जाहिरातीतील पात्रता वेगळी असते, म्हणून ती अक्षर न् अक्षर वाचावी.

तिसरी पायरी क्लिनिकल प्रशिक्षणाची, आणि आमची मुले अडतात ती इथेच. आजवर दोन वर्षांची एम.फिल. हा त्याचा मुख्य रस्ता होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमावलीने एम.फिल. बंद केली, आणि क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.ला २०२५-२६ या वर्षाच्या प्रवेशांपर्यंतच मुभा दिली. म्हणजे जुन्या सीनिअरने सांगितलेला रस्ता आता तसाच राहिलेला नाही. परिषदेची मान्यता कोणत्या अभ्यासक्रमाला आहे आणि तो शिकवणारी संस्था परिषदेच्या यादीत आहे का, या दोन गोष्टी फी भरण्यापूर्वी स्वतः तपासाव्यात. दलालाच्या शब्दावर जाऊ नये. क्लिनिकल सोडून इतर मानसशास्त्रज्ञ व समुपदेशकांसाठी २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा वेगळा राष्ट्रीय आयोग कायद्याने आला आहे. त्याच्या नियमांकडेही या विद्यार्थ्यांनी लक्ष ठेवले पाहिजे.

हे सांगण्याचे कारण असे, की 'पंधरा दिवसांत समुपदेशक व्हा' अशा पाट्या आता शहरोशहरी दिसतात. हजारो रुपये घ्यायचे, रंगीत प्रमाणपत्र द्यायचे, असा हा धंदा आहे. ज्याच्या घरात पदवीधरांची तिसरी पिढी नांदते आहे, त्याला हे प्रमाणपत्र कुचकामी आहे हे सांगणारा काका-मामा असतो. आमच्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला ते कोण सांगणार? आईने मोलमजुरी करून साठवलेले पैसे असे कागदावर उडू नयेत, एवढेच आमचे म्हणणे आहे.

बंगळूरची निम्हान्स, रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था, पुण्याची महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था या सरकारी संस्थांची नावे आमच्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहेत? सरकारी संस्थांत राखीव जागा असतात, आणि निम्हान्ससारख्या ठिकाणी क्लिनिकल प्रशिक्षणार्थींना विद्यावेतनही दिले जाते. खाजगी विद्यापीठात हेच शिक्षण लाखांच्या घरात जाते. सरकारी जागा मोजक्या आहेत आणि प्रवेश परीक्षा कठीण आहे. म्हणून त्या परीक्षेची तयारी एम.ए.च्या शेवटच्या महिन्यात करून भागत नाही, ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापासून करावी लागते. संख्याशास्त्राला घाबरून ते सोडून देणारे विद्यार्थी आम्हाला ठाऊक आहेत. या परीक्षांत संख्याशास्त्र आणि संशोधन पद्धतीच माणसाला तारतात. इंग्रजी वाचनाची सवयही याच वर्षांत लावून घ्यावी, कारण पुढची बहुतेक पुस्तके इंग्रजीतच आहेत.

मात्र उपचार इंग्रजीत होत नाहीत. माणूस रडतो तो आपल्या बोलीत. वऱ्हाडी, अहिराणी, मराठवाडी बोलणारा रुग्ण 'जीव घाबरतो', 'डोकं बधिर होतं', 'मन लागत नाही' असे सांगतो, तेव्हा त्या शब्दांमागची वेदना ओळखणारा माणूस समोर लागतो. ज्या भाषेवरून कॉलेजात आमच्या मुलांना हसले जाते, तीच भाषा या व्यवसायात त्यांचे भांडवल आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. हा विषय आमच्या मुलांनी का घ्यावा? केवळ नोकरीसाठी म्हटले तर इतरही शंभर विषय आहेत.

दिल्लीच्या एम्समधील जातिभेदाच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी २००६ मध्ये प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना वर्गात, परीक्षेत आणि वसतिगृहात कशी वागणूक मिळते, हे त्या समितीने २००७ मध्ये देशासमोर मांडले. अहवाल आला आणि कपाटात गेला. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी गेली. वरिष्ठांनी जातीवरून छळल्याच्या आरोपाचा खटला उभा राहिला. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईच्या आय.आय.टी.त पहिल्या वर्षाचा दर्शन सोळंकी गेला. अशी घटना घडली की चार दिवस निषेध होतो आणि मग संस्थाचालक सांगतात, 'आमच्याकडे समुपदेशन केंद्र आहे.'

असेलही. पण त्या केंद्राच्या खुर्चीत कोण बसले आहे? 'तुझी रँक किती?' या प्रश्नाआड जात विचारली जाते, हे त्या खुर्चीतल्या माणसाला कळते का? मेसमध्ये शेजारची मुले उठून जातात, गाइड भेटीची वेळ देत नाही, आडनाव ऐकताच चेहरे बदलतात, हे सांगणाऱ्या मुलाला 'तू फार मनाला लावून घेतोस, वेळेचे नियोजन कर, दीर्घ श्वास घे' असे उत्तर मिळाले, तर तो पुन्हा त्या खोलीची पायरी चढेल का? रोग व्यवस्थेत आणि इलाज मात्र विद्यार्थ्यावर, असा हा उफराटा न्याय होतो. सगळेच समुपदेशक असे वागतात, असे आम्ही म्हणत नाही. जात न भोगलेले पण ती समजून घेणारे चांगले समुपदेशकही आहेत. आणि केवळ आमच्या जातीत जन्मला म्हणून कोणी चांगला समुपदेशक होत नाही, त्याला प्रशिक्षण लागतेच. पण आमच्या विषमतेचा अनुभवच ज्या अभ्यासक्रमात नाही, तो अभ्यासक्रम आमच्या माणसांशिवाय बदलणार नाही, हेही तितकेच खरे.

याचा दाखला अमेरिकेत आहे. बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, त्याच विद्यापीठातून केनेथ क्लार्क यांनी १९४० मध्ये आणि त्यांच्या पत्नी मेमी क्लार्क यांनी १९४३ मध्ये मानसशास्त्राची डॉक्टरेट मिळवली. दोघेही कृष्णवर्णीय. त्यांनी लहान कृष्णवर्णीय मुलांसमोर सारख्याच बाहुल्या ठेवल्या, फरक फक्त रंगाचा. चांगली बाहुली कोणती, वाईट कोणती, असे विचारले. बहुतेक मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली. भेदभाव मुलाच्या कोवळ्या मनात शिरून त्याला स्वतःचाच तिरस्कार करायला शिकवतो, हे या साध्या प्रयोगाने दाखवले. वेगवेगळ्या शाळांची पद्धत घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राऊन खटल्याच्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लार्क यांच्या कामाचा दाखला दिला. मानसशास्त्राची पदवी शोषितांच्या हाती आली की ती काय करू शकते, ते यातून कळते. आमच्या अंगणवाडीत, आश्रमशाळेत, वसतिगृहात जात मुलांच्या मनावर काय परिणाम करते, याचा असा अभ्यास कोण करणार? जात ही माणसाच्या मनात घर करून बसलेली धारणा आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच सांगितले. तथागत बुद्धांनी तर मनालाच अग्रस्थानी ठेवले. या दोघांचे अनुयायी म्हणवणाऱ्या समाजाने मनाचे शास्त्र इतरांच्या हाती सोडून द्यावे, हे आम्हाला पटत नाही.

गरज किती आहे तेही पाहा. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात शंभरातल्या सुमारे दहा प्रौढांना मानसिक आजार आढळला. त्यांतील बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत. वेगवेगळ्या आजारांत ही दरी ७० ते ९२ टक्के निघाली. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झाले आणि त्यात महाराष्ट्र नव्हता. आपल्या राज्यात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे मनोरुग्णालये आहेत, पण गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या माणसाला ती किती दूर पडतात? उपचार मिळत नाही, तेथे भगत आणि मांत्रिक मिळतो. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला, पण कायद्याने मांत्रिक बंद केला तरी आजारी माणसाला पर्याय द्यावाच लागतो. तो पर्याय म्हणजे प्रशिक्षित माणूस. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, तो प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर लिहिला गेला पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये एक महत्त्वाचा आदेश दिला. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असला पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. वसतिगृहे आणि कोचिंग क्लासही त्यात आले. याचा अर्थ हजारो जागा. या जागा कोणत्या मार्गाने भरल्या जाणार, हा खरा प्रश्न आहे. कंत्राटी आणि तासिका तत्त्वावर माणसे घेऊन, एजन्सीला ठेका देऊन त्या भरल्या गेल्या, तर बिंदुनामावली कागदावर राहील आणि आमची मुले पुन्हा दाराबाहेर. म्हणून शासनाकडे आमची मागणी आहे, की सामाजिक न्याय विभागाची वसतिगृहे, निवासी शाळा आणि आदिवासी आश्रमशाळांपासून सुरुवात करून समुपदेशकांची कायम पदे निर्माण करावीत आणि ती आरक्षणासह भरावीत. २०१७ च्या कायद्याने जातिभेदाविना मानसिक उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे; विद्यापीठांनी मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात जातीचा विषय सक्तीचा केल्याशिवाय तो हक्क प्रत्यक्षात येणार नाही.

शासनाकडे मागताना आपणही काही केले पाहिजे. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, स्वाधार योजना, बार्टीची अधिछात्रवृत्ती, परदेशासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती या योजना आहेत. पण अर्जाची मुदत संपल्यावर त्या आठवून उपयोग नाही. प्रत्येक बुद्धविहारात जून महिन्यात एक रविवार यासाठी ठेवता येईल. आमच्या अधिकारी-कर्मचारी संघटनांनी जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा बाजूला काढून जिल्ह्यातील एका विद्यार्थ्याची बंगळूर-रांचीची दोन वर्षे उचलावीत. सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये एका विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती दिली, त्याचे फळ आज सारा देश खातो आहे.

आणि पालकांना एक सांगणे. तुमची मुलगी 'मला मानसशास्त्र शिकायचे आहे' म्हणाली, तर 'वेड्यांची डॉक्टर होणार का?' असे म्हणून तिला हसू नका. तिला विचारा, बी.ए.नंतर कुठे, एम.ए.नंतर कुठे, नोंदणी केव्हा? तिच्याकडे उत्तर नसेल तर तिच्याबरोबर बसून ते शोधा. उद्या एखाद्या वसतिगृहात आमचाच एक पोरगा रात्रभर जागा असेल, तेव्हा सकाळी त्याने ज्या दारावर थाप द्यायची, त्या दाराआड तुमची मुलगी बसलेली असली पाहिजे.

जय भीम!