फिरंग्याचा पगार

"वहिनी, तिकडं पगार किती पडतो ओ?"

गेल्या आठवड्यात शहापूरहून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या मुलाला आफ्रिकेतल्या एका विद्यापीठाचं बोलावणं आलंय. आम्ही इथियोपियात तीन वर्षं काढलीत हे कुणीतरी त्यांना सांगितलेलं. मागून त्यांच्या सासूबाईंचा आवाज, "पगार एष्टंत?" मला हसूच आलं. पोर्तुगिजांकडून आलेला हा शब्द आपल्या मराठीत आणि इकडच्या कन्नडात असा काही मुरलाय, की सासू-सून दोन भाषांत बोलल्या तरी या एका शब्दावर त्यांचं एकमत!

मी त्यांना माझ्या जुन्या वहीतला हिशेब वाचून दाखवला. ती हिशेबाची वही मी अजून जपून ठेवलीय.

2006 साली आमचे हे कॉलेजातून निवृत्त झाले. अनगोळच्या घराचं कर्ज फिटायचं होतं, धाकटीचं लग्न व्हायचं होतं. त्या सुमारास इथियोपियात एकापाठोपाठ एक नवी विद्यापीठं निघत होती. शिकवायला माणसं पुरेनात, म्हणून भारतातून प्राध्यापक बोलावत होते. आपल्याकडच्या मास्तरांना तिकडे मान जुना. सम्राट हैले सेलासींच्या काळात कितीतरी भारतीय शिक्षक तिथल्या शाळांतून शिकवून गेले. बाजारात एखादा म्हातारा थांबवून हटकून सांगायचा, "मला गणित हिंदी मास्तरांनी शिकवलं."

आम्ही गेलो बहिर दारला. ताना सरोवराच्या काठचं गाव. सहा हजार फुटांची उंची, त्यामुळे हवा आपल्या बेळगावसारखीच, किंबहुना बरीच म्हणायची. रस्त्यावर निळ्या-पांढऱ्या रिक्षा, आणि रिक्षाला तिथे म्हणतात काय, तर 'बजाज'! पुण्याचं नाव तिथल्या पोराटोरांच्या तोंडी.

ह्यांचा पगार साधारण 1,200 डॉलर. 2007 साली डॉलरला नऊ बिर पडत, म्हणजे दहा हजार आठशे बिर. रुपयांत धरले तर पन्नास हजारांच्या आसपास. घरभाडं विद्यापीठाकडून. दोघांचा घरखर्च मी अडीच हजार बिरमध्ये भागवायची, तोही ऐटीत. उरलेलं बेळगावच्या बँकेत. शहापूरच्या बाई एवढ्यावर खूश झाल्या. "मग पाठवतोच ओ आम्ही त्याला!"

पण वहीत पुढची पानंही आहेत.

आमच्याच आवारात, आमच्याएवढ्याच दोन खोल्यांत, ह्यांच्याच विभागातले एक तरुण प्राध्यापक राहायचे. एम.ए. झालेले, ह्यांच्याइतकेच तास घेणारे. त्यांचा पगार दोन हजार बिरच्या आसपास, ह्यांच्या पाचवा हिस्सा. बायको शाळेत शिक्षिका, तिला नऊशे. त्यात गावाकडचे आईबाप, शिकणारा दीर आणि पदरी दोन वर्षांचा मुलगा. इथियोपियाच्या पंचांगात महिने तेरा, शेवटचा पाच-सहा दिवसांचा. ती हसून म्हणायची, "आमचे महिने तेरा, पगार मात्र बाराच!"

परक्या माणसाला तिथे म्हणतात 'फेरेंज'. आपल्या 'फिरंगी'चाच तो भाऊ. जन्मभर आपण दुसऱ्याला फिरंगी म्हणायचं आणि साठीला येऊन स्वतः फिरंगी व्हायचं, ही गंमत सुरुवातीला फार वाटली. बाजारात फेरेंजचा भाव वेगळा, तेही मी हसून सोडून द्यायची. घरमालकाने मात्र आमच्या खोल्यांना फिरंगी भाडं मिळतंय म्हटल्यावर वर्षाच्या आत शेजाऱ्यांचंही भाडं वाढवलं. ते मला उशिरा कळलं, आणि तेही तिने नाही, दुसऱ्याच कुणी सांगितलं.

आमच्याकडे घरकामाला एक सतरा-अठरा वर्षांची मुलगी होती. गावात चाल होती महिना 150 बिर, जेवून-राहून. म्हणजे आपले सातशे रुपये. पाणी भरणं, हातांनी कपडे, सगळं तिच्यावर. मला ते बघवेना. आपल्याला एवढं मिळतंय, तर या पोरीला का नको? तिसऱ्या महिन्यात मी तिचा पगार 300 केला. स्वतःवरच खूश होऊन बेळगावला पत्रातही लिहिलं.

पंधरा दिवसांनी शेजारणीने कॉफीला बोलावलं. त्यांची कॉफी म्हणजे एक सोहळाच. बिया समोर भाजायच्या, कुटायच्या, मातीच्या सुरईत उकळायच्या, आणि एकाच पुडीवर तीन फेऱ्या. सोबत भाजलेलं सातू. पहिली फेरी अबोल, दुसरी तोना, तिसरी बेरेका. पहिल्या दोन फेऱ्यांत पोराचे दात, हवा, शाळा. तिसरा कप हातात देताना ती म्हणाली, "इहिते, माझी मुलगी काम सोडून गेली."

इहिते म्हणजे माझ्या बहिणी. मी म्हटलं, का गं?

"तिलाही तीनशे हवेत. मी कुठून देऊ? चार दिवस रजा घेतलीय. पोराला घेऊन वर्गात बसता येत नाही." मग थोडं थांबून, अगदी हळू, "तुम्ही दोन वर्षांनी जाल. मला इथेच राहायचंय."

रागावली असती तर बरं झालं असतं. कप तसाच हातात धरून मी बसून राहिले. माझा चांगुलपणा तिच्या नऊशेतून वसूल झाला होता. आणि तरी, आमच्या पोरीचे तीनशे काही जास्त नव्हते, हेही तितकंच खरं. आता पुन्हा दीडशे करायचे? कुठल्या तोंडाने? त्या रात्री मला झोप आली नाही. हे म्हणाले, "अर्थशास्त्र मी शिकवतो, सोडवायला येत नाही."

तोड शेजारणीनेच काढली. पगार दोनशे ठेवायचा, तेवढा तीही ओढूनताणून देईल. उरलेल्यात मी मुलीला रात्रीच्या शाळेत घालायचं. घरकाम करणाऱ्या कितीतरी मुली तिथे संध्याकाळी वह्या घेऊन शाळेला जाताना दिसत. फी, वह्या, दप्तर माझ्याकडून, आणि संध्याकाळी पाचनंतर काम बंद. आमच्या मुलीला हे आवडलं का? पहिल्या महिन्यात मुळीच नाही. हातात शंभर बिर कमी आले, ते तिने घरी आईला कसे सांगितले कोण जाणे.

2008 उजाडलं आणि सगळेच हिशेब कोलमडले. मध्यावर महागाईचा वार्षिक दर 60 टक्क्यांच्या वर गेला. टेफ हे त्यांचं बारीक धान्य, त्याला आंबवून इंजेरा करतात, आपल्या आंबोळीची थोरली बहीणच. त्या टेफचा भाव दुपटीवर गेला. शेजारीण पिठात तांदूळ मिसळू लागली, जवळच्या फोगेरात पिकणारा. इंजेरा चिरायचा, ती ओशाळायची. उपासाच्या बुधवारी-शुक्रवारी शिरो, म्हणजे आपलं पिठलंच, ते मात्र छान व्हायचं. त्यात ती मिरचीचा मसाला घालायची, मी कढीपत्त्याची आठवण काढायची.

आणि आम्ही? आमचा पगार डॉलरचा. बिर जसा घसरला तसे आमच्या हातात बिर वाढतच गेले. आलो तेव्हा डॉलरला पावणेनऊ, 2009 मध्ये निघालो तेव्हा अकराच्या वर. महागाई त्याहून पुढे पळाली, तरी आम्हाला झळ लागली ती नावापुरती. अनगोळचं कर्ज फिटलं. ज्या भिंतीला टेकून हे लिहितेय, तिच्यात ते बिर आहेत.

आमची मुलगी आठवी झाली आणि 2010 साली बैरूतला गेली, घरकामालाच. महिना 125 डॉलर. तीही परदेशात, आम्हीही परदेशात होतो. आम्हाला तिथल्या माणसाच्या पाचपट, तिला मात्र तिथल्या कुठल्याही बाईने घेतले नसते इतके कमी.

म्हणून शहापूरच्या बाईंना सांगितलं, पगार कुठल्या चलनात, घरी किती पाठवता येतो, घर आणि विमानभाडं कुणाचं, हे करारात लिहून घ्या. आणि त्याच खुर्चीवरच्या तिथल्या माणसाला किती मिळतात, तेही मुलाला विचारून घ्यायला सांगा. बाई म्हणाल्या, "ते कशाला ओ आपल्याला?"

2024 च्या जुलैअखेर इथियोपियाने बिरचा दर बाजारावर सोडला. 57 बिरचा डॉलर काही आठवड्यांत शंभरीपार गेला. बातमी वाचून मी शेजारणीला फोन लावला. नवऱ्याचा पगार आता बिरमध्ये कितीतरी मोठा, पण मी मनात डॉलर मोजले तर 2007 पेक्षा कमीच भरले. मुलगा अदिसला कॉलेजात आहे, तेलाचा डबा कितीला, कांदा कितीला, ती सांगत होती. काही पाठवू का, हे माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. तिने मात्र विचारलं, "इहिते, कॉफीला कधी येतेस?"