ऊफ राजाला निवेदक कशाला?

विसरलेली फ्रेंच विनोदी संगीतिका पुन्हा रंगमंचावर आणायची ठरली की पहिली कात्री गद्यावर चालते. गाणी सगळी हवीत, संवाद मात्र नकोत. मधली कथा सांगायला कुणी निवेदक आणून उभा करतात. संगीत नाटकांच्या साथीला ऑर्गनवर बसण्यात माझं आयुष्य गेलं, मला हे पटत नाही.

शाब्रिएची ‘लेत्वाल’ घ्या. 1877 साली पॅरिसच्या बुफ-पारिझियां थिएटरात आली. शाब्रिए तेव्हा गृहखात्यात नोकरीला. त्याचं नाजूक, अवघड संगीत हलक्याफुलक्या चालींना सरावलेल्या तिथल्या वादकांना जड गेलं आणि पन्नासाच्या आतच प्रयोग थांबले.

गोष्ट मोठी झकास. ऊफ राजाला वाढदिवशी प्रजेच्या करमणुकीसाठी कुणाला तरी सुळावर द्यायचं असतं. बळी शोधत तो वेश पालटून हिंडतो. लाझुली नावाचा फेरीवाला त्याला थोबाडीत ठेवून देतो. सापडला! इतक्यात राजज्योतिषी सांगतो, हा मेला की दुसऱ्या दिवशी महाराजही जाणार. आणि मृत्युपत्रानुसार राजापाठोपाठ पाव तासात ज्योतिष्यानंही जायचं आहे. मग काय, लाझुलीची बडदास्त सुरू!

यात समजावून सांगण्यासारखं काय आहे? तरी 2016 साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये एक इंग्रज आणि एक फ्रेंच अशी दोन नवी पात्रं घुसवली होती. हशे मिळाले असतील; पण ते उसने.

तिसऱ्या अंकात लाझुली मेला असं समजून राजा आणि ज्योतिषी मरणाची वाट पाहत हिरवी शार्त्रूज पीत बसतात आणि इटालियन ऑपेराच्या थाटात, ताना घेत दारूचे गोडवे गातात. हेच दोन गळे आधी भेदरून बोललेले असतील तरच ते गाणं हसवतं. आम्ही ऑर्गनवाले पात्राच्या शेवटच्या वाक्याखालीच सूर धरतो, पद बोलण्यातून वर यावं म्हणून. वाक्यच नसेल तर सूर धरायचा कशाखाली?

लांबलेली पानं खुशाल कापा. परदेशी गायकांना फ्रेंच बोलणं जमत नसेल तर प्रेक्षकांच्या भाषेत बोलू द्या. एरोल्डच्या 1832 सालच्या ‘ल प्रे ओ क्लेर’चे पॅरिसच्या ओपेरा-कोमिकमध्ये दीड हजारांवर प्रयोग झाले, तेही गाण्यांमध्ये बोलतच. अशा कामाला हात घालणाऱ्यांनी दोन झगे कमी शिवावेत आणि त्या पैशात गायकांकडून फक्त गद्याची तालीम करून घेणारा माणूस नेमावा.