‘थंडीने मेली’ हे निदान नव्हे

डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून वारे वाहू लागले, की धुळ्याचा पारा अनेकदा पाच-सहा अंशांपर्यंत खाली येतो आणि जळगावात केळी उत्पादकांच्या पोटात गोळा येतो. याच दिवसांत सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत परसातल्या कोंबड्यांमध्ये मर सुरू होते. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते : ‘थंडीने मेली.’ पक्षी फेकून दिले जातात, एखादा आजारी पक्षी कापला जातो आणि विषय संपतो. या उत्तरात दोन गफलती आहेत. एक पालनातली आहे, दुसरी सार्वजनिक आरोग्याची.

आधी पालनाचे पाहू. कोंबडीच्या शरीराचे तापमान माणसापेक्षा जास्त, सुमारे ४१ अंश असते. पिसे फुलवून ती अंगाभोवती हवेचा थर धरून ठेवते आणि हा थरच तिची गोधडी असतो. पूर्ण पिसांची, पोटभर खाल्लेली गावठी कोंबडी खानदेशातली थंडी बहुधा सहज काढते. तिला गारठवते ती ओल. पिसे भिजली की हवेचा थर मोडतो आणि अंगातली ऊब झपाट्याने निघून जाते. त्यात थेट वारा लागला तर आठ-दहा अंशांची रात्रही जड जाते. म्हणूनच कोरड्या कडाक्यापेक्षा अवकाळी पाऊस आणि त्यामागून येणारा गारठा जास्त घातक ठरतो.

पिलांचे गणित मात्र वेगळे आहे. पिसे येईपर्यंत पिलाला स्वतःची ऊब राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला ३२ ते ३५ अंश तापमान लागते. पुढे दर आठवड्याला ते सुमारे तीन अंशांनी कमी करत नेता येते. तापमापक नसला तरी पिलांकडे पाहून अंदाज येतो. दिव्याखाली एकमेकांवर चढून गोळा झाली तर थंडी वाजते आहे, दिव्यापासून लांब पळाली तर उकडते आहे, सगळीकडे विखरून चरत असली तर ठीक आहे.

थंडी पडली की बहुतेक घरांत पहिला उपाय होतो तो खुराडे बंद करण्याचा. गोणपाट, प्लॅस्टिक, जुने पत्रे लावून फट राहू दिली जात नाही. घोटाळा इथेच होतो. कोंबडीच्या श्वासातून आणि विष्ठेतून रात्रभर ओलावा बाहेर पडतो. तो कोंडला की खालचा भुसा ओला होतो आणि ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो. हा वायू श्वासनलिकेतली बारीक केसांसारखी संरक्षक रचना निकामी करतो आणि रोगजंतूंना वाट मोकळी होते. सकाळी दार उघडताच डोळे चुरचुरले, तर कोंबड्यांनी ती हवा रात्रभर घेतली आहे असे समजावे. वारा अडवायचा तो पक्ष्यांच्या उंचीपर्यंत. छपराखालची फट उघडीच हवी. बंद जागेत कोळशाची शेगडी ठेवणे तर दुहेरी धोक्याचे असते, विषारी वायूचा आणि आगीचा.

ओल्या भुश्याचा आणखी एक परिणाम पावसाळ्यात आणि अवकाळीनंतर दिसतो. रक्ती हगवणीच्या परजीवींची अंडी विष्ठेतून पडतात, पण ती लगेच रोग पसरवू शकत नाहीत. ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ती तयार होतात. जमीन कोरडी ठेवली तर औषधाच्या आधीच निम्मी लढाई जिंकता येते. ओला भुसा रोज काढून कोरडे तूस टाकणे, पाण्याचे भांडे विटेवर ठेवणे, खुराडे जमिनीपासून हातभर उंच करणे या गोष्टींना फारसा खर्च येत नाही.

आता दुसरी गफलत. एवढी काळजी घेऊनही मोठ्या कोंबड्या एकामागून एक मरत असतील, तर थंडीला दोष देऊन चालत नाही. थंडीची मर बहुधा पिलांत, भिजलेल्या किंवा अशक्त पक्ष्यांत होते. सकाळी ती एका कोपऱ्यात ढीग होऊन सापडतात. रोगाची मर धडधाकट कोंबड्यांतही होते, दोन-चार दिवसांत वाढते आणि शेजारच्या अंगणात पोहोचते. अंडी अचानक बंद होणे, तुरा निळा पडणे, डोके सुजणे, हिरवट हगवण, मान वाकडी होणे ही लक्षणे राणीखेतमध्ये, म्हणजे गावाकडच्या भाषेत मानमोडीत, दिसतात आणि बर्ड फ्लूमध्येही दिसतात. नुसत्या डोळ्यांनी फरक सांगता येत नाही. प्रयोगशाळाच सांगू शकते.

हे खानदेशाइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असायला नको. देशातला पहिला बर्ड फ्लू १८ फेब्रुवारी २००६ रोजी जाहीर झाला तो नवापूरला. १९९८ पर्यंत हा तालुका धुळे जिल्ह्यातच होता. तिथली मर सुरुवातीला राणीखेतची समजली गेली होती. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात सावदा, मारूळ यांसह चार गावांत विषाणू सापडला, तोही परसातल्या कोंबड्यांमध्ये. पाठोपाठ शेजारच्या बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या इच्छापूरचे नाव आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापूरला पुन्हा लाखो पक्षी नष्ट करावे लागले. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे याच विषाणूने मेले.

या तारखा हिवाळ्याभोवतीच का फिरतात? थंडी आणि ओल विषाणूला मानवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार हा विषाणू विष्ठेत ३७ अंशांना सुमारे सहा दिवस टिकतो, तर चार अंशांना ३५ दिवस. हतनूरसारख्या जलाशयांवर स्थलांतरित पक्षी येतात तेही याच काळात. तरी सगळा दोष पाहुण्या पक्ष्यांच्या माथी मारता येत नाही. बाजारातले पिंजरे, वाहने, चपला आणि मेलेले पक्षी उघड्यावर टाकण्याची सवय यांतूनही रोग गावोगाव जातो.

मग लोक कळवत का नाहीत? भीती असते ती सगळ्या गावाच्या कोंबड्या मारल्या जाण्याची. ही भीती अगदीच निराधार नाही. रोग ठरला तर सुमारे एक किलोमीटर परिघातले पक्षी नष्ट केले जातात. पण भरपाईचा नियम उलट दिशेने चालतो. सरकार पैसे देते ते नष्ट केलेल्या जिवंत पक्ष्यांचे. आधीच मेलेल्यांचे नाही. म्हणजे उशीर जितका, तितके नुकसान पदरात. २००९ च्या प्राण्यांतील सांसर्गिक रोग कायद्यानुसार असा संशय कळवणे मालकावर बंधनकारकही आहे. मात्र कायद्याचा धाक पुरेसा नाही. पाच-दहा कोंबड्यांच्या घरापर्यंत भरपाई वेळेवर पोहोचते, असा अनुभव आला तरच लोक तोंड उघडतील. २०१९ च्या पशुगणनेत देशातले परसातले पक्षी सुमारे ३१.७ कोटी होते आणि आधीच्या गणनेपेक्षा ते जवळपास ४६ टक्क्यांनी वाढले होते. इतक्या विखुरलेल्या पक्ष्यांवर सरकारी यंत्रणा एकटी नजर ठेवू शकत नाही.

माणसाच्या दृष्टीने धोका ताटातल्या शिजलेल्या कोंबडीत नाही. ७० अंशांवर नीट शिजवल्यास विषाणू मरतो. धोका आहे आजारी पक्षी कापण्यात, सोलण्यात आणि पिसे काढण्यात. हे काम बहुतेक घरांत बाया आणि मुलेच करतात. जुलै २०२१ मध्ये या विषाणूने देशातला पहिला ज्ञात मानवी बळी घेतला, तो हरियाणातल्या एका मुलाचा.

म्हणून करायचे ते एवढेच. मानमोडीची लस थंडीआधी द्यावी : पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा, सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बी. खुराडे कोरडे आणि हवेशीर ठेवावे. मोठ्या कोंबड्या दोन दिवस लागोपाठ मेल्या, तर पक्ष्यांना उघड्या हाताने न शिवता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे. नमुना तपासून ‘काही नाही, थंडीच होती’ असे उत्तर आले तर उत्तमच. ते उत्तर तपासणीनंतर यावे, आधी नव्हे.