पुस्तकांतील सुगरण आणि बाभळीवरील सुगरण

या सदरांतून मुलांच्या अभ्यासासंबंधीं आजवर पुष्कळ लिहिलें. पाठांतर कसें करावें, अक्षर कसें वळवावें, वडीलधाऱ्यांशीं कसें बोलावें, इत्यादि विषयांवर उपदेश करण्यांत प्रस्तुत लेखकानें कधीं कसूर केली नाहीं. या खेपेस मात्र उपदेशाआधीं एक कबुली द्यावयाची आहे. ती दिल्यावांचून पुढें जें सांगावयाचें तें सांगण्याचा अधिकार मला पोंचत नाहीं.

सुमारें पस्तीस वर्षांपूर्वींची हकीकत. मी इयत्ता चौथीचा वर्ग शिकवीत होतों. पाठ पक्ष्यांचा होता. फळ्यावर लोंबत्या घरट्याचें चित्र काढून मीं सांगितलें कीं, सुगरण नांवाची पक्षीण आपल्या पिलांसाठीं हें घरटें मोठ्या कौशल्यानें विणते, म्हणूनच तिला सुगरण म्हणतात. मागील रांगेंतून एक धनगराचा मुलगा उभा राहिला व म्हणाला, "गुर्जी, खोपा नर इनतो. पिवळ्या डोक्याचा. मादी नुसती बघून जाती." सारा वर्ग हंसला. मला राग आला. नांव स्त्रीलिंगी, क्रियापद स्त्रीलिंगी. मग मध्येंच हा नर कोठून उपटला, असा माझा व्याकरणी तर्क! तास संपेपर्यंत मीं त्यास बाकावर उभें केलें. त्या दिवसानंतर त्या मुलानें माझ्या वर्गांत आपण होऊन एकही उत्तर दिलें नाहीं. पुढें सहावीनंतर तो शाळेंत दिसेनासा झाला. घरीं मेंढरें होतीं, त्या वर्षीं पाऊसही नव्हता. तेव्हां सारा दोष माझाच असें म्हणणें हाही एक अहंकारच होईल. परंतु दोषाचा कांहीं वांटा माझ्याकडे येतो, हें मी कित्येक वर्षें मनाशींही कबूल केलें नव्हतें.

आतां गेल्या भाद्रपदांतील गोष्ट. गौरी-गणपतीस पुण्याहून चिरंजीव, सूनबाई व नात अशीं सर्व मंडळी खर्ड्यास आलीं. नात नऊ वर्षांची. तिच्या नाकावर नवा चष्मा पाहून तिच्या आजीचा जीव हळहळला. जवळचें स्पष्ट दिसतें, लांबचें अंधुक दिसतें, असा तिचा दोष. नेत्रवैद्यांनीं चष्म्याबरोबर आणखी एक गोष्ट बजावली होती. ती म्हणजे रोज दीड-दोन तास उघड्यावर काढणें. सूनबाई म्हणाली, "बाबा, चौथ्या मजल्यावर अंगण कुठून आणायचं? इथं आहोंत तोंवर तुम्हीच तिला फिरायला नेत जा."

वैद्यांचा हा सल्ला लहरीचा नव्हे. चीनमधील ग्वांगझौ शहरांत १२ प्राथमिक शाळांत याचा प्रयोग झाला. निम्म्या शाळांतील पहिलीच्या मुलांस शाळेच्या वेळेंत रोज ४० मिनिटें अधिक बाहेर नेण्यांत आलें. तीन वर्षांअखेर बाहेर नेलेल्यांपैकीं सुमारें ३० टक्के मुलांस हा दृष्टिदोष जडला. न नेलेल्यांपैकीं सुमारें ४० टक्के मुलांस जडला. हा निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. दिवसाच्या भरपूर उजेडांत डोळ्याच्या पडद्यांत डोपामीन नांवाचें द्रव्य अधिक स्रवतें व त्यामुळें नेत्रगोलाच्या अवाजवी वाढीस आळा बसतो, अशी शास्त्रज्ञांची उपपत्ति आहे. अर्थात् लागलेला चष्मा यानें उतरत नाहीं. ज्यांस तो अद्याप लागलेला नाहीं, अशा धाकट्या भावंडांस हा उपाय अधिक मोलाचा.

आमचें खर्डा हें जामखेड तालुक्यांतील गांव. मराठे व निजाम यांची लढाई येथें १७९५ सालीं झाली, हें येथील पोर झोपेंतही सांगेल. किल्ल्याच्या तटांतील भेगांत कोणता पक्षी राहतो असें विचाराल तर मात्र तें गप्प बसेल, आणि त्यास इतिहास शिकविणारे आम्हीही गप्प बसूं. गांवाबाहेर एका ओळखीच्या मळ्यांत जुनी विहीर आहे. तिच्यावर झुकलेल्या बाभळीस पंधरा-वीस घरटीं लोंबत होतीं. नातीस घेऊन मी तेथें गेलों व एका दगडावर बसून जुनाच पाठ पुन्हां म्हटला: "ही सुगरण. मादी घरटें विणते."

पहिल्या दिवशीं दहाच मिनिटांत "आजोबा, जायचं का घरीं?" हा प्रश्न चार वेळां झाला. दुसऱ्या दिवशीं तो दोनदां झाला. तिसऱ्या दिवशीं झालाच नाहीं. चौथ्या दिवशीं पाऊण तास एकटक पाहून ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही चुकलांत. हिरव्या पातीची चीर घेऊन येतो तो पिवळ्या डोक्याचा आहे. बांधतात ते सगळे पिवळेच. साध्या रंगाची ती येते, आंत डोकावते आणि निघून जाते."

मीं चष्मा पुसून पाहिलें. पोरीचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. पस्तीस वर्षांपूर्वीं मागील रांगेंतून आलेला तो आवाज त्या विहिरीच्या कांठीं मला पुन्हां ऐकूं आला.

घरीं येऊन पुस्तकें काढलीं. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनीं १९३० सालीं अलिबागजवळील किहीम येथें याच पक्ष्याचें दीर्घकाळ निरीक्षण केलें व पुढच्याच वर्षीं तें प्रसिद्ध केलें. नर घरटें अर्धें विणतो व थांबतो. मादी येऊन तें पारखते. तिला पसंत पडलें तर तो खालची नळी पुरी करतो. न पडलें तर श्रम वायां जातात. एका घरट्यांत मादी बसती झाली कीं तो दुसरें घरटें घेऊन दुसऱ्या मादीची वाट पाहतो. (हा शेवटचा भाग नातीस सांगितला नाहीं.) म्हणजे माझ्या वर्गांत तो प्रसंग घडला त्याच्या साठ वर्षें आधीं ही गोष्ट सिद्ध झाली होती. धनगराचें पोर व सलीम अली यांचें एकमत होतें. विरुद्ध पक्षांत मी एकटाच होतों.

मुलांस रानांत न्यावें कशासाठीं, याचें उत्तर मला येथें मिळालें. स्वच्छ हवा मिळते, अंग तापतें, भूक लागते, हे लाभ आहेतच. पण सर्वांत मोठा लाभ म्हणजे, मुलास आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवण्याची संवय लागते. पुस्तक सांगतें तें ऐकावें, गुरुजी सांगतात तें ऐकावें. परंतु कांहीं तरी असेंही असावें कीं जें मुलानें स्वतः पाहिलें, ताडून पाहिलें व स्वतःच्या शब्दांत सांगितलें. रान कोणास उत्तर सांगत नाहीं. तें फक्त पुन्हां पुन्हां दाखवितें, आणि पाहणाऱ्याच्या धीराची परीक्षा घेतें.

हा विचार परका नव्हे. छांदोग्योपनिषदाच्या चौथ्या अध्यायांत सत्यकाम जाबालाची कथा आहे. आपण ती सत्यवचनाचें उदाहरण म्हणून मुलांस सांगतों व उपनयनापाशींच थांबतों. वस्तुतः खरी कथा तेथून पुढें आहे. गुरु गौतमांनीं त्यास मंत्र शिकविण्याऐवजीं चारशें कृश व दुर्बळ गाई हवालीं केल्या. या सहस्र झाल्यावांचून परतणार नाहीं, असें म्हणून तो मुलगा त्यांच्या मागें निघाला. वर्षें लोटलीं. परतीच्या वाटेवर त्यास एक पाद बैलानें शिकविला, एक अग्नीनें, एक हंसानें व एक मद्गु नांवाच्या पाणपक्ष्यानें. आश्रमांत येतांच त्याच्या चर्येवरील तेज पाहून गुरूनें विचारलें कीं, तुला कोणी शिकविलें? शिष्यानें निःशंकपणें सांगितलें कीं, मनुष्यांहून इतरांनीं. तथापि आपणही मला शिकवावें. येथें दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. रानानें गुरूची जागा घेतली नाहीं. गुरूचा उपदेश झेलण्याजोगें पात्र मात्र तयार केलें. आणि दुसरी गोष्ट ही कीं, आपल्याआधीं बैलानें व पक्ष्यानें शिकविलें हें ऐकून गौतमांस राग आला नाहीं. तसाच एक शिष्य माझ्यापुढें उभा राहिला, तेव्हां मीं त्यास बाकावर चढविलें.

उपनिषदांतील ही गोष्ट जुन्या युगाची म्हणून कोणी बाजूस सारील, तर त्यानें ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचें कार्य पाहावें. १९४५ सालीं बोर्डी येथें व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर या दोघींनीं आदिवासी बालकांचें शिक्षण आरंभिलें. मुलें शाळेंत येत ना, कारण त्यांच्याकडे गुरें राखण्याचें काम. पोरें येत नाहींत म्हणून त्यांस आळशी ठरविण्याऐवजीं या बायांनीं शाळाच कुरणांत नेली. तिचें नांव कुरणशाळा. महागड्या साधनांच्या जागीं पानें, बिया, खडे, शिंपले आले. गुरें चरत राहिलीं व मुलें शिकत राहिलीं. सत्यकामाच्या गाईंमागें या वेळीं गुरु स्वतः गेले, एवढाच काय तो फरक.

अलीकडील शोधही याच दिशेस बोट दाखवितात. स्पेनमधील बार्सिलोना येथें सात ते दहा वर्षांच्या २,५९३ मुलांची वर्षभर पाहणी झाली. शाळेच्या परिसरांत हिरवाई अधिक होती तेथील मुलांच्या स्मरणाची व अवधानाची वाढ अधिक चांगली आढळली (२०१५). त्यांतील कांहीं भाग धूर कमी असल्याचा परिणाम होता, हेंही संशोधकांनीं प्रांजळपणें नोंदविलें आहे. फिनलंडमध्यें बालवाड्यांच्या अंगणांत जंगलांतील माती व हिरवळ आणून घातली. तेथें खेळणाऱ्या तीन ते पांच वर्षांच्या मुलांच्या त्वचेवरील सूक्ष्म जीवांचें वैविध्य २८ दिवसांतच वाढलें व रक्तांत रोगप्रतिकाराच्या समतोलाचीं चिन्हें दिसलीं (२०२०). पाहणी लहान होती, म्हणून तिच्यावरून फार मोठीं अनुमानें काढूं नयेत. परंतु हात मळले म्हणून मुलास रागें भरण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, एवढें तरी त्यावरून शिकावें.

आतां घरोघरच्या व्यवहारासंबंधीं थोडें. एकत्र कुटुंबांत एक मोठी सोय आहे. आईबाप उद्योगांत गुंतलेले असले तरी आजोबांपाशीं सायंकाळ मोकळी असते व आजीपाशीं ज्ञान असतें. गणपतीची पत्री हल्लीं आपण बाजारांतून जुडी बांधलेली आणतों. पुढील भाद्रपदांत निदान दहा पानें मुलांकडून आजीच्या देखरेखीखालीं शोधून आणवावीं. दूर्वा, आघाडा, माका, शमी, बेल, डोरली, रुई यांतील भेद हातानें चाचपून कळूं द्यावा. धोत्रा विषारी आहे व रुईचा चीक डोळ्यांस घातक आहे, हें आधीं सांगावें व नंतर हात धुववावे. मृगाचा पहिला पाऊस पडला कीं मातीवर तांबडा मखमली किडा दिसतो. संस्कृत कवींचा इंद्रगोप तो हाच. त्याचे पाय मोजावयास सांगावें. ते आठ भरतात, आणि किड्यास पाय सहा असें पुस्तक म्हणतें. मग मुलगा विचारील, आणि तो कोळ्याच्या गोत्रांतील आहे हें सांगण्याची वेळ तेव्हां येईल, त्याआधीं नव्हे.

जागा एकच ठरवावी व तेथें पुन्हां पुन्हां जावें. शहरांतील घरांस इमारतीसमोरील एखादा पिंपळ किंवा कडुनिंबही पुरेल. दुपारचें ऊन टाळावें, पायांत जोडे असावे, दगडाखालीं हात घालूं देऊं नये, विहिरीच्या कांठावर मुलास एकटें सोडूं नये. आणि मुलींस मागें ठेवूं नये. 'पोर उन्हानें काळवंडेल' या सबबीखालीं कित्येक घरांत भाऊ रानांत जातो व बहीण खिडकींत बसते. माझी चूक एका मुलीनेंच दाखविली, हें अशा घरांनीं ध्यानांत ठेवावें.

मंडळी पुण्यास परत जाण्याच्या आदल्या सायंकाळीं आम्हीं दोघें विहिरीवर होतों. मेंढरांचा एक कळप बांधावरून आला. मागें पंचेचाळिशीचा एक गृहस्थ होता. मीं त्यास ओळखलें. त्यानेंही ओळखून रामराम केला.

नातीच्या देखत मी म्हणालों, "तूं वर्गांत सांगितलेंस तें खरें होतें. घरटें नरच विणतो. तुला बाकावर उभें केलें, ती माझी चूक झाली."

तो थोडा वेळ बाभळीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं, तुमी इसरला असाल." आणि कांहीं वेळानें, "मी न्हाई इसरलो, गुर्जी."

यावर मला उत्तर सुचलें नाहीं. त्यानेंच खालीं पडलेलें एक घरटें उचलून नातीच्या हातांत दिलें, आंत बोटें घालावयास लावलीं व भिंतीस चिकटविलेले मातीचे वाळके गोळे दाखविले. तिनें त्यास लागोपाठ पांच-सहा प्रश्न विचारले. त्यानें प्रत्येकाचें उत्तर दिलें. एका प्रश्नास मात्र "ते मी अजून बघितलं न्हाई" असें म्हणाला. इतकें प्रामाणिक उत्तर मीं माझ्या साऱ्या नोकरींत क्वचितच दिलें असेल.

तें घरटें आतां पुण्यास नातीच्या पुस्तकांच्या फळीवर आहे. वाचकांस एवढीच विनंति कीं, आपल्या घरचें मूल कांहीं पाहून आलें व तें आपल्या पुस्तकाशीं जुळत नसलें, तर त्यास खोटें ठरविण्यापूर्वीं पायांत वहाणा घालाव्या आणि त्याच्याबरोबर जाऊन पाहावें.