मासळी मोजली, पण केव्हा?

पूर्णेवरील येलदरी जलाशयातील मासळी उद्या प्रतिध्वनियंत्राने मोजायची झाली, तर साखऱ्याच्या परिसरातील मच्छीमारांनी पहिला सवाल करावा: मोजणी दिवसा की रात्री? अनेक जातींचे मासे दिवसा तळाशी राहतात. तळाच्या प्रतिध्वनीत त्यांचा प्रतिध्वनी बुडून जातो. रात्री ते वर येऊन पांगतात. मग यंत्राच्याही वर पोहणारे मासे मोजणीतून निसटतात. शास्त्रज्ञ हे जाणतात. परंतु वेळ न सांगता मांडलेला आकडा हे अर्धसत्यच होय! तो कमी भरला तर जाळ्यांवर निर्बंध, जास्त भरला तर ठेक्याची रक्कम वाढणार. दोन्हीकडून भुर्दंड कष्टकऱ्यालाच. म्हणून रात्रंदिवस मोजा, वेळ जाहीर करा आणि मच्छीमारांना मोजणीत सहभागी करून घ्या!