वकील कोर्टात, भांडण सिव्हिलमध्ये

जिल्हा रुग्णालयाच्या बोर्डाने कागदावर ‘३८ टक्के’ लिहिलं की काय होतं, हे तहसील कचेरीच्या बाकावर बसलेल्या कुणालाही विचारावं. चाळीसच्या आत असलं की संजय गांधी निराधार योजनेचं प्रकरण पुढे सरकत नाही, नोकरीतलं आरक्षण नाही, एसटीची सवलतही नाही. चाळीस भरले की ही सगळी दारं निदान ठोठावता तरी येतात. या दोन टक्क्यांवरून सिव्हिलच्या ओपीडीत वाद होतात, पण वाद म्हणून त्यांची नोंद कुठेच होत नाही. माणूस कागद घडी करून खिशात घालतो, नशिबाला बोल लावतो आणि परतीची गाडी धरतो.

कायद्याने त्याला असं परत पाठवलेलं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ रोजी. त्याच्या कलम ५९ नुसार प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकाऱ्याच्या निर्णयावर अपील करता येतं. अपील कुणाकडे आणि किती मुदतीत, हे ठरवायचं काम राज्य सरकारचं. प्रमाणपत्र नाकारलं तर कारणं लेखी कळवावीत, असं नियम सांगतात आणि त्यासाठी छापील नमुनाही आहे. आणि या अपिलासाठी वकील हवा असेल तर तो सरकारी खर्चाने मिळू शकतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत मदतीला पात्र असणाऱ्यांची यादी आहे. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, मूल, कोठडीतला माणूस यांच्याबरोबर दिव्यांग व्यक्तीही तिच्यात आहे. या गटांना उत्पन्नाची अट नाही, ती अट यादीत शेवटी येणाऱ्या बाकीच्या लोकांसाठी आहे. फक्त प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य हवं.

इथवर सगळं छान आहे. अडचण अशी की हा मोफत वकील जिल्हा न्यायालयाच्या आवारात बसतो आणि दिव्यांगाचं भांडण असतं सिव्हिलच्या ओपीडीत, तलाठ्याच्या सज्जात, तहसीलच्या खिडकीवर. दोन्ही एकाच शहरात असूनही एकमेकांना भेटत नाहीत. कायद्याच्या व्याख्येकडे पाहिलं तर भेटायला काहीच हरकत नव्हती. ‘विधी सेवा’ म्हणजे केवळ कोर्टातला खटला नव्हे. न्यायालय, न्यायाधिकरण किंवा अन्य प्राधिकाऱ्यासमोरच्या कामकाजातली मदत आणि कायद्याच्या कोणत्याही प्रश्नावरचा सल्ला, हे सगळं तिच्यात येतं. प्रत्यक्षात विधी सेवेचं शिबिर भरतं, बॅनर लागतो, हक्कांवर भाषण होतं, फोटो निघतात. कागद तपासून द्यायला मात्र कुणी बसत नाही.

कागद तपासणं किती महत्त्वाचं, हे एका आकडेमोडीतून दिसतं. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा ठणठणीत असला तर केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते दिव्यांगत्व ३० टक्के धरतात. त्याच माणसाचा पाय अपघातात अधू झाला आणि अस्थिरोगतज्ज्ञाने २० टक्के दिले, असं समजा. दोन्ही आकडे चाळीसच्या आत. नेत्रतज्ज्ञ आणि अस्थिरोगतज्ज्ञ आपापला कागद देऊन मोकळे झाले, तर हा माणूस दोन्हीकडून अपात्र. पण दोन दिव्यांगत्वं एकत्र मोजायचं सूत्र त्याच सूचनांमध्ये दिलेलं आहे. मोठा आकडा तसाच घ्यायचा. लहान आकड्याला, नव्वदमधून मोठा आकडा वजा करून जे उरतं त्याने गुणायचं, नव्वदने भागायचं आणि ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. तीस अधिक, वीस गुणिले साठ भागिले नव्वद. उत्तर येतं ४३ च्या वर. म्हणजे हा माणूस पात्र आहे. ही बेरीज मांडून एकत्रित मूल्यांकनाची मागणी करणारा अर्ज एका पानात मावतो. तो लिहिणारा माणूस त्या ओपीडीत नसतो, एवढंच.

मानसिक आजाराची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे एक्स-रे नाही, ऑडिओग्राम नाही. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद आणि समज, कामधंदा अशा बाबींवर गुण दिले जातात, आजाराची मुदत जोडली जाते आणि एकूण बेरजेवर टक्के ठरतात. आता समोरची आई काय सांगते ते ऐकावं. “अंघोळ स्वतः करतो का?” “हो, करतो की.” ती खोटं बोलत नाही. पण रोज सकाळी बादली भरून, कपडे काढून ठेवून, चार हाका मारून, शेवटी दाराशी उभं राहून ती अंघोळ करवून घेते, हे तिच्या दृष्टीने सांगण्यासारखं काही नसतंच. शिवाय चारचौघांत लेकाची उणीव कशाला काढायची, हा विचार असतोच. डॉक्टरपुढे रांग मोठी असते, त्यामुळे उलटप्रश्न होत नाही आणि एक गुण जातो. विदर्भातल्या सिकलसेलच्या रुग्णांचंही असंच. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले आणि त्यात सिकलसेल आला. पण तपासणीच्या दिवशी वेदनेचा झटका आलेला नसेल, तर समोर बसलेला तरुण धडधाकट दिसतो. वर्षभरात किती वेळा दाखल व्हावं लागलं, रक्त किती वेळा चढवलं, याचे कागद तारखेवार लावून नेले तर चित्र बदलू शकतं. हे काम वकिलीच्या सनदेशिवायही होतं. विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक ते करू शकतात. त्यांना ते शिकवायला मात्र हवं.

सर्टिफिकेट हाती आलं की दुसरा टप्पा सुरू होतो, निराधारचा ‘पगार’ चालू करण्याचा. २०२३ मध्ये ही रक्कम दीड हजार झाली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिव्यांगांसाठी ती अडीच हजार करायचं ठरवलं. २०१६ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये स्पष्ट लिहिलं होतं की इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा दिव्यांगांना किमान २५ टक्के जास्त मदत द्यावी. तरी २०२३ मध्ये निराधार, वृद्ध आणि दिव्यांग अशा सर्वांना एकाच दराने दीड हजार मिळाले. कुणी हे कलम घेऊन वेळेत दाद मागितली असती तर निदान पावणेएकोणीसशे तरी तेव्हाच मिळाले असते. दिव्यांगासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार आहे. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर ३१२ रुपये; या दराने घरातल्या एकाच माणसाने १६१ दिवस काम केलं की मर्यादा ओलांडली जाते. त्यामुळे उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आकडा म्हणजे खरोखर मिळकत किती, यापेक्षा तलाठ्याशी संबंध कसे आहेत याचा पुरावा होऊन बसतो. ‘त्रुटी’ असा शेरा मारून प्रकरण परत येतं आणि नेमकी त्रुटी कोणती, हे तोंडी कळतं. लेखी कारण मागायचं असतं, हे ठाऊक असलेला माणूस त्या रांगेत विरळाच.

ही पोकळी दलाल भरून काढतो. तो तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो, ‘काम झाल्यावर द्या’ म्हणतो आणि पहिल्या काही महिन्यांचा पगार ठरवून घेतो. गंमत पाहा, कामाच्या निकालावर फी ठरवायला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी वकिलाला मनाई आहे. सनदधारकाला जे निषिद्ध, ते दलाल राजरोस करतो. अमेरिकेने या बाबतीत वेगळी वाट धरली. तिथे सोशल सिक्युरिटीचा दिव्यांगत्वाचा दावा फेटाळला गेला की साठ दिवसांत फेरविचार मागता येतो, मग न्यायाधीशासमोर सुनावणी होते. तिथल्या नेहमीच्या करारानुसार वकिलाची फी थकबाकीतूनच कापली जाते, तीही जास्तीत जास्त चौथा हिस्सा किंवा ९,२०० डॉलर, यातली कमी असेल ती. दावेदाराला खिशातून आधी फी काढावी लागत नाही. आपल्याकडे हे चालणार नाही. वर्षभराची थकबाकी मिळाली असं धरलं तरी ती तीस हजार, तिचा चौथा हिस्सा साडेसात हजार. त्यासाठी कोणता वकील तालुक्याला खेटे घालील? खासगी बाजारात या कामाला भाव नाही, म्हणूनच ते सरकारी विधी सेवेचं काम आहे.

वकील उभा राहिला की काय फरक पडतो, हे लष्करात दिसलं आहे. सिग्नल कोअरमधल्या एका जवानाला १९९४ मध्ये फिट्सच्या आजारामुळे सेवेतून काढलं गेलं. आजार सेवेमुळे नाही, जन्मजात प्रकृतीचा आहे, असं वैद्यकीय मंडळाने लिहिलं आणि दिव्यांगत्वाचं पेन्शन नाकारलं गेलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१३ मध्ये निकाल लागला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत झाला असं गृहीत धरायचं, त्याउलट सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, आणि मंडळाने आपल्या मताची कारणं द्यायलाच हवीत. त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरणापुढच्या असंख्य अर्जांत हाच निकाल पुढे केला गेला, मुंबईच्या खंडपीठासमोरही. सैनिकाकडे स्वतंत्र न्यायाधिकरण होतं, त्यात मुरलेले वकील होते, म्हणून वैद्यकीय मंडळाचं मोघम वाक्य उलटतपासणीत टिकलं नाही. निराधारच्या रांगेतल्या माणसाच्या कागदावरही तसंच मोघम वाक्य असतं. त्या वाक्याला प्रश्न विचारला गेलेला नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो. बोगस प्रमाणपत्रांचा सुळसुळाट असताना वकील आणून बसवले तर बोर्डावर दबाव वाढेल. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून देशभर गदारोळ झाला, तेव्हापासून तर प्रत्येक दिव्यांगाकडे संशयाने पाहायची सवय लागली आहे. आक्षेप खोटा नाही, पण तो चुकीच्या माणसावर रोखलेला आहे. बोगस प्रमाणपत्रवाल्याला अपिलाची गरजच पडत नाही. त्याचं काम आधीच झालेलं असतं. कारणांसह लिहिलेला निर्णय दोघांनाही जोखतो. टक्के कसे आले हे कागदावर मांडावं लागलं की फुगवलेला आकडाही उघडा पडतो आणि कापलेलाही.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नेमकं हेच सांगितलं. मुंबई उच्च न्यायालयातून तिथे गेलेलं ते प्रकरण वैद्यकीय प्रवेशाचं होतं. बोलण्यातल्या दिव्यांगत्वाचे टक्के चाळीसच्या वर, म्हणून विद्यार्थ्याला एमबीबीएससाठी अपात्र ठरवलं होतं. निव्वळ आकड्यावरून अपात्र ठरवता येणार नाही, तो अभ्यासक्रम पुरा करू शकतो की नाही हे बोर्डाने तपासावं आणि विरोधी मत दिलं तर कारणं नोंदवावीत, असं न्यायालयाने म्हटलं. अपील मंडळ अस्तित्वात येईपर्यंत अशा निर्णयाला न्यायालयात आव्हान देता येईल, हेही जोडलं. सप्टेंबरमध्येच त्या विद्यार्थ्याच्या प्रवेशाचा आदेश झाला होता. दिल्ली गाठायला त्याच्यामागे वकील होता.

दिल्लीपर्यंत जायची गरज प्रत्येकाला नाही. पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे साध्या कागदावर तक्रार करता येते. चौकशीपुरते त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, आणि त्यांची शिफारस मान्य नसेल तर संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत कारण कळवायचं असतं. माहिती अधिकारात दहा रुपयांत स्वतःच्या मूल्यांकनाची प्रत मागता येते. पण ही पत्रं लिहायची कुणी? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने बोर्डाच्या ठरलेल्या वारी सिव्हिलमध्ये एक टेबल मांडावं, त्यावर मूल्यांकनाच्या सूचना वाचलेला एक वकील आणि दोन स्वयंसेवक बसवावेत, तहसीलमध्ये निराधार समितीच्या बैठकीनंतर तेच टेबल हलवावं. नवी योजना नको, नवा कायदाही नको. आणि नकाराच्या छापील नमुन्याखाली अपिलीय अधिकाऱ्याचा पत्ता, शेवटची तारीख आणि विधी सेवेचा १५१०० हा क्रमांक छापून द्यावा. तो नमुना छापणारं सरकारच आहे.