कोल्हे वाढले म्हणता, मोजले कोणी?



आपल्या गोराईत सध्या एक अर्ज फिरतोय. कोल्हे जाम वाढलेत, पकडून दुसरीकडे सोडा. मी सही केली नाही. माझ्याही चार कोंबड्या पावसाळ्यात गेल्या, म्हणजे मला कोल्ह्याचं प्रेम आलंय असं समजू नका. मी एवढंच विचारलं, आधी किती होते, आता किती झाले? अर्ज आणणाऱ्याकडे आकडाच नाही.

आम्ही लहान असताना तिवरांतून रात्री कोल्हेकुई यायची, कोणाला नवल नव्हतं. आता एक कोल्हा दिसला की व्हिडिओ वीस जणांकडे जातो आणि गावात वीस कोल्हे होतात. दिसणं वाढलं म्हणजे संख्या वाढली असं नाही. तिवराच्या कडेला चिकनचा कचरा टाकला की जनावर उजेडात येणारच. खरं तर कमीही झाले असतील. मोजल्याशिवाय कसं कळणार?

इंग्लंडात बॅजर नावाचा बिळात राहणारा प्राणी आहे. गाईंना टीबी देतो म्हणून तिथले शेतकरीही वैतागलेत. पण तिथे १९८५ ते ८८ मध्ये ठरलेल्या चौकोनांत बिळं मोजली, मग २०११ ते १३ मध्ये परत मोजली. इंग्लंडात टोळ्या दुपटीच्या आसपास गेल्या, शेजारच्या वेल्समध्ये फारसा फरक नाही. नुसत्या अंदाजावर हे कळलं असतं का? मारायचं की नाही यावर तिथेही भांडण आहे, पण निदान आकडा समोर ठेवून.

आता पकडण्याचं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कोल्हा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. सापळा, विष, काही केलंत तर गुन्हा. आणि एक जोडी नेली तर रिकाम्या जागेत दुसरी येते. खाणं तिथेच पडलंय ना!

रेबीजची भीती मात्र खरी आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये चेंबूरकडे मेलेल्या कोल्ह्यात रेबीज निघाला. म्हणून मोकाट कुत्र्यांना लस टोचून घेण्यासाठी अर्ज करा, त्यावर मी पहिली सही करतो. कोणाला चावलाच तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्यांचा बांध तिवराला लागून आहे, त्यांनी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पहाटे तोच बांध चालायचा. ओल्या मातीतले ठसे मोजायचे. कोल्ह्याचा ठसा गावच्या कुत्र्यापेक्षा अरुंद आणि लांबट असतो. खात्री नसेल तर फोटो काढा, बाजूला माचिस ठेवून. कोल्हेकुई कुठून आली, किती वाजता, तेही वहीत लिहा. कोंबडी गेली तर तारीख लिहा. कृषी आणि वन खात्यातली जाणकार मंडळी हे वाचतात, त्यांनी चूक असेल तर दुरुस्त करावी.

पाच वर्षांनी वही सांगेल वाढले की घटले. वाढले असतील तर अर्जावर मीच पुढे असेन. तोवर खुराड्याला जाळी लावा, दार रात्री बंद करा. माझं उघडं राहिलं होतं, चूक माझीच.

मी या रविवारी सुरुवात करतोय. कोण कोण येतंय?